बर्फ रसात नको, भांड्याभोवती हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की उसाच्या रसावर दोन तऱ्हेचा मजकूर हमखास छापून येतो. एकात रस म्हणजे अमृत असते, दुसऱ्यात रस्त्यावरचा रस पिऊच नका असे बजावलेले असते. दोन्ही लिहिणाऱ्यांनी रात्री अकराला चरक धुतलेला नसावा. कराड-सांगली पट्ट्यात बापाकडून मुलाकडे आलेल्या रसवंत्या पुष्कळ आहेत. पाटीवर कानिफनाथ किंवा नवनाथ आणि चाकाला घुंगरू. रस कशाने बिघडतो हे या घरांना नेमके ठाऊक असते. बहुतेक वेळा तो उसाने बिघडत नाही, बर्फाने बिघडतो.

तरीही सुरुवात उसापासून करावी लागते. कारखाना उतारा, म्हणजे उसातून साखर किती निघते ते, बघतो; रसवंतीला जाड, मऊ सालीचा, कमी चोयट्याचा म्हणजे कमी तंतूंचा ऊस लागतो. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ मध्ये शिफारस केलेला को ८६०३२ हा वाण आजही आमच्याकडे जास्त चालतो, पण वाणापेक्षा जमीन महत्त्वाची. कृष्णाकाठच्या खारवट, चोपण रानातला ऊस दिसायला झकास असतो. रस मात्र घोटल्यानंतर जिभेवर खारट राहतो आणि लिंबाने तो झाकला जात नाही. गुऱ्हाळवाल्यांना हे चांगले माहीत आहे, त्या रानाचा गूळही तसाच होतो. म्हणून फड ठरवण्याआधी मधला एक ऊस मोडून चावून बघतात, बांधाकडचा नव्हे. तुरा येऊन गेलेला ऊस घेऊ नये. त्याला पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, कांड्यात दशी पडते म्हणजे आतून ते पोकळ, कापसासारखे होते आणि वजन देऊनही रस निघत नाही. एरवी किलोभर उसाला साधारण अर्धा लिटर रस धरतात.

तोडलेला ऊस उन्हात पडला की त्यातली साखर फुटू लागते. मोळी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवली तर दोन-तीन दिवस निभावते. त्यापुढे गोडी जाते आणि टोकांना आंबूस वास येतो. वाढ्याखालची, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांखालची, दोन-तीन कांडी काढून टाकावीत, त्यात गोडी नसते. किडीचे भोक असलेले कांडे चिरले की आत लाल दिसते. ते तिथेच तोडून फेकायचे, कारण असे एक कांडे रसाचा अख्खा जग बिघडवते. आता सर्वांत कंटाळवाणे काम, म्हणून सर्वांत जास्त टाळले जाणारे. पेऱ्यांवरच्या मुळ्यांत माती अडकलेली असते आणि रसाला तार आणणारे, म्हणजे तो चिकट करणारे, जंतू मातीतूनच येतात. नुसते पाणी मारून ती निघत नाही. पेरे सुरीने तासून मगच ऊस धुवावा.

रस काळा पडला की गिऱ्हाईक चरकाच्या लोखंडी लाटांकडे, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळांकडे, बोट दाखवते. लोखंडाने काळेपणा वाढतो हे खरे, स्टीलच्या लाटा बऱ्या. पण मूळ कारण उसातच असते. कापलेले सफरचंद हवेने तांबूस होते तसाच हा प्रकार. लिंबाच्या आंबटाने तो लांबतो. दोन लिटर रसाला एक मोठे लिंबू आणि बोटाच्या पेराएवढे आले पुरते. चिपाडात अख्खे लिंबू सालीसकट दाबण्याची पद्धत मात्र सोडावी. सालीचे तेल आणि बिया रसात उतरतात आणि कडवटपणा येतो. तेच चिपाड चौथ्या-पाचव्यांदा चरकातून काढणे हीही तशीच हाव; हाती येते ते चार घोट सालीचे पाणी.

चरकाचे म्हणाल तर लाटेच्या टोकाला बेअरिंगमधले ग्रीस पाझरून ट्रेकडे येते का, हे रोज बोट फिरवून बघायचे. रात्री लाटांमधले चोयटे काढून, कढत पाणी ओतत चरक मोकळा फिरवायचा. सकाळी पहिल्या उसाचा रस विकायचा नाही, सांडायचा. कापडाची गाळणी तर हद्दपारच करावी. फडके कितीही धुतले तरी दुपारपर्यंत आंबते, आणि नंतरच्या प्रत्येक पेल्यात तोच वास उतरतो. स्टीलच्या दोन गाळण्या आलटून पालटून वापराव्यात.

एवढे सगळे पाळून शेवटी त्या रसात गोणपाटात फोडलेला लादीचा बर्फ घातला, तर सकाळपासूनची मेहनत मातीत. लादी मासळीसाठी आणि माल थंड ठेवण्यासाठीही बनते. तिचे पाणी पिण्याचे असेलच असे नाही. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करावा असा आदेश २०१८ मध्ये निघाला, तो याचसाठी.

यावरचा उपाय साधा आहे. पाच लिटरचे झाकणाचे स्टीलचे भांडे मोठ्या टोपात ठेवावे, भोवती तीन-चार किलो फोडलेला बर्फ आणि मूठभर जाडे मीठ घालावे. मधूनमधून ढवळले की वीस-पंचवीस मिनिटांत रस थंडगार होतो. मीठ जास्त पडले तर तो कडेला गोठतो, एवढेच सांभाळायचे. तासाभरात खपेल तेवढाच रस एका वेळी काढावा. बर्फाशिवाय उन्हात ठेवलेला तर दोन तासांतच फेसाळतो. समोर काढलेलाच रस हवा म्हणणाऱ्यांसाठी सोललेल्या कांड्या स्वच्छ पिशवीत बांधून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे चरकातून रसच गार येतो. टोके थोडी लालसर होतात, ती छाटायची. विजेचे बिल वाढते हे कबूल. पण पेला बर्फाने अर्धा भरता येत नाही, हे काही दुकानदारांचे खरे दुखणे आहे.

पालिकेची आणि अन्न व औषध प्रशासनाची तपासणी साधारणपणे गाड्यापासून सुरू होते. गाडेवाल्याला लादी पहाटे टेम्पोतून मिळते. ती बिनरंगाची आली, तर कोणत्या पाण्याची आहे हे त्याला बघून कळणार नाही. तेव्हा सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत ही तपासणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बर्फाच्या कारखान्यांपासून सुरू व्हावी आणि खाण्याच्या बर्फाच्या लादीबरोबर तसे लिहिलेली पावती देणे सक्तीचे करावे, ही विनंती.

आपला,
एक रसवंतीचालक, कराड