मंत्रीमहोदय, अराजक नेमकं कोणी माजवलं?

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात आपण आमच्या कॉलनीत आला होतात, चहा घेतलात आणि नाशिकच्या नासर्डी नदीच्या काठावर उभं राहून म्हणालात की रहिवाशांना विचारल्याशिवाय इथल्या एका फांदीलाही हात लागणार नाही. व्हिडिओ आहे आमच्याकडं.

मंगळवारी पहाटे साडेपाचला मशीनच्या आवाजानं जाग आली. बनियनवरच पळालो (पळालो कसला, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, जिन्याचा कठडा धरत धरत उतरलो), तोवर नऊ झाडं आडवी. साडेसातला चौदाच्या चौदा. उंबराच्या बुंध्यातून दुपारपर्यंत पांढरा चीक गळत होता. नोटीस लावलीच होती म्हणे. सापडली ना, पडलेल्या करंजाच्या सालीवर, आणि तिची खळ अजून ओली होती. १९७५ चा झाडांचा कायदा म्हणतो आधी हरकती मागवा, आता हरकत काय खोडाकडं नोंदवू?

ही झाडं २००८ च्या पुरानंतर आम्ही लावलेली, २००९ च्या पावसाळ्यात, कारण पाण्यानं काठ खरवडून नेला होता आणि तुमच्या लोकांनी तीन वेळा येऊन नुसते फोटो काढले. एप्रिल-मे महिन्यात पाच लिटरच्या तेलाच्या कॅननं पाणी घातलंय मी, सातपूरला फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी. गुडघे त्यातच गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत पण बायको म्हणते. त्याच झाडांच्या कायद्यातल्या तुमच्याच २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, म्हणजे सोळा वर्षांची चौदा झाडं म्हणजे २२४. कुठं लावताय, माझ्या गॅलरीत? कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडायचं निघालं तेव्हाही असंच, आकडा कधी सतराशे कधी अठराशे, आणि वर दहापट लावू हे आश्वासन. दहापट रोपं उंबराएवढी व्हायला किती सिंहस्थ लागतील तेही एकदा सांगून टाका.

आता मुद्द्याचं. बुंध्याजवळ बसलो तर एक साहेब म्हणाले, काका उठा, तुम्ही अराजक माजवताय. बरं वाटलं ऐकून, या वयात कुणी एवढं मोठं काही म्हणत नाही. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला मामा, अराजक वेगळं आणि अराजकवाद वेगळा. अराजक म्हणजे गोंधळ. अराजकवाद म्हणजे वरून हुकूम सोडणारा नको, ज्यांना त्या जागेवर राहायचंय त्यांनी एकत्र बसून ठरवायचं. अमेरिकेत मरे बुकचिन म्हणून एक होता, त्याचं म्हणणं असं की माणूस माणसावर हुकमत गाजवायला शिकला त्यातूनच निसर्गावर गाजवायची कल्पना आली. आणि १९१६ साली बनारसला भरसभेत गांधीजीच म्हणाले होते, मीही अराजकवादीच आहे पण वेगळ्या जातीचा. ॲनी बेझंटबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. आमच्याकडं ते काम साहेबांनी केलं.

आणि हे पुस्तकातलं आहे असं समजू नका. गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे ना, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथं ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीनं ठरवते, २००९ ला जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकला. तिथं जंगल उभं आहे आणि आमच्याकडं एवढी खाती, एवढे साहेब असून भुसा.

खरं सांगतो, मंगळवारी रात्री पोरं म्हणाली जेसीबीच्या टाकीत साखर टाकू. मी नको म्हणालो, सज्जन आहे म्हणून नाही, तर ड्रायव्हर रोजंदारीवरचा पोरगा, मशीन बसली तर भरपाई त्याच्या मजुरीतून कापणार, ठेकेदाराचं काय जातंय. पोरं चिडली, म्हणाली काका तुमच्या निवेदनांनी काय उखडलं? यावर मला उत्तर देता आलं नाही. अकरा निवेदनं दिलीत, सगळ्यांच्या पोच आहेत, फाइलला प्लास्टिकचं कव्हरसुद्धा घातलंय. २०१८ ला इथूनच शेतकरी १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले, पाय सोलवटले, लेखी आश्वासन घेऊन परत आले. मग २०१९ ला परत का निघाले? २०२३ ला परत का? सरकार पक्ष कुठलाही असो, आश्वासन हे लोकांना घरी पाठवायचं तिकीट असतं, एवढंच मला दिसतं. काळारामाच्या दारात १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला तेव्हाही दार बंद ठेवून वाट बघायचीच पद्धत होती, की हे लोक कधी दमतात. आम्हीही दमावं हीच तुमची योजना असेल तर गुडघ्यांमुळं मी अर्धा दमलोच आहे, पण कॉलनीत अजून चाळीस घरं आहेत.

म्हणून आता बारावं निवेदन देत नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही त्याच काठावर खड्डे खणतोय, उंबर, करंज, जांभूळ. परवानगी मागितलेली नाही, मागणारही नाही, हे पत्र नुसतं कळवायला. आलात तर कुदळ घेऊन या, आमच्याकडं दोनच आहेत.

आपला,
अराजक माजवणारा एक नाशिककर

ता.क. चौदा झाडांची खोडं कुठल्या वखारीत गेली ते लेखी कळवा. ट्रकचे नंबर आम्ही लिहून घेतलेत.