दादरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

जर्मनीहून परत आल्यावर पेढे घेऊन केंद्रात आले, तेव्हा तुम्ही मला नीट बोलूच दिलं नाहीत. "आभार कसले मानतेस? जेवून जा," म्हणालात आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. सूनबाईंना वाचून दाखवायला सांगितलंय.

आईच्या हॉस्पिटलच्या पाळ्यांमुळे आमच्याकडे आठवड्यातले बरेच दिवस भाजी-पोळी तुमच्याकडूनच यायची. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी मला प्रवेश मिळाला आणि मी वही-पेन घेऊन तुमच्याकडे कृती उतरवून घ्यायला आले. तुम्ही म्हणालात, "वही राहू दे. उद्या पहाटे पिशवी घेऊन खाली ये."

सेनापती बापट मार्गावर दादरचा भाजीबाजार उजाडायच्या आत भरतो हे मला ऐकून ठाऊक होतं, तुमच्याबरोबर गेले तेव्हा पाहिलं. वांगं उचललंत, आधी देठ बघितलंत, हिरवा आहे ना, मग तळहातावर तोललंत. "आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड म्हणजे बिया." कोथिंबिरीची जुडी वरून कधी बघितली नाहीत, उलटी करून मुळाकडे बोट घालायचात, तिथे चिकट लागलं की जुडी परत. पाव किलो घ्यायचं असलं तरी भाव किलोचाच विचारायचा, वाट्यावर जायचं नाही. आणि काय करायचं ते घरून ठरवून निघायचं नाही. बाजारात काय चांगलं आलंय ते बघून ठरवायचं. ही शेवटची गोष्ट मला तेव्हा फारशी पटली नव्हती, कारण मला यादी लागते. आज मी हिला तुमची सगळ्यात मोठी शिकवण मानते.

लालबागची मिरची गल्ली तर वेगळं पत्र लिहावं अशी. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. बेडगी मुठीत धरून हलवलीत, आतल्या बिया वाजल्या, मगच घेतलीत. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवून, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र सगळं वेगवेगळं भाजून डंकावर कुटून आणलं. माझ्या वाटच्या मसाल्यातून खसखस मात्र तुम्ही आठवणीने वगळलीत, कारण माझं विमान दुबईमार्गे होतं आणि तिकडे खसखशीला बंदी आहे. भाचा तिथे नोकरीला असल्यामुळे तुम्हाला ते माहीत होतं. आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, काकू. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी तुमची ऋणी आहे.

जर्मनीत सुपरमार्केटमध्ये भाव फळीवर छापलेला. पण त्याच चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरांत किलोचा भाव लिहिलेला असतो, तो कायद्यानेच द्यावा लागतो. माझी नजर पहिल्या दिवसापासून तिथेच गेली. मी गेले त्या वर्षी व्हिसासाठी खात्यात 11,208 युरो दाखवावे लागत आणि त्यातले महिन्याला 934 हातात येत. खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की उरलेल्यात महिना काढायचा. त्या बारीक अक्षरांनी मला तारलं. रविवारी दुकानं बंद, हाही तिकडचा कायदाच; शनिवारीच बाजार उरकायचा. तुर्की दुकानदाराकडे कोथिंबीर जुडीने मिळायची, मी ती उलटी करून बघायची. त्याने आधी चमकून पाहिलं, मग स्वतःच ताजी जुडी आतून आणून द्यायला लागला. तूरडाळ फक्त आशियाई दुकानात, तीही महाग. मसूरडाळ मात्र कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात. मग मसुराचीच आमटी, तुम्ही बांधून दिलेली आमसुलं आणि लालबागचा मसाला घालून. गाजर, कोबी, नवलकोल यांच्या इतक्या तऱ्हा मी केल्या की सोबत राहणाऱ्या मुली विचारायला लागल्या, आज बाजारात काय चांगलं होतं?

पण सगळ्यांत जास्त आभार तुपाचे मानायचे आहेत.

प्रवाशाला सामानातून दूधदुभतं युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाही, त्यामुळे आईने कढवलेलं तूप इथेच राहिलं. ताज्या कढीपत्त्यालाही रोपतपासणीचं प्रमाणपत्र लागतं, तोही राहिला. हिवाळा लागला, चार-साडेचारलाच अंधार पडायला लागला आणि मला साध्या वरणभातावर तूप हवं होतं, बाकी काही नको. तुमची संध्याकाळची गर्दी ओसरली की मी फोन करायची; हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे. मी सांगितलं की इथे लोणी गोड सायीचंही मिळतं आणि विरजलेल्या सायीचंही. तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत: "विरजलेलं घे. आपलं लोणी तरी कशाचं असतं? मिठाचं नाही ना, तेवढं बघ." 250 ग्रॅमची वडी, वर 82 टक्के स्निग्धांश लिहिलेला. पातेलं ठेवलं, लोणी वितळलं, फेस आला. तुम्ही म्हणालात, "फोन पातेल्याजवळ धर आणि गप्प राहा."

मी गप्प राहिले. लोण्यातल्या पाण्याची कडकड आधी जोरात होती, मग तुटक झाली. तुम्ही दादरमध्ये, मागे भांडी घासल्याचा आवाज, आणि तुम्ही ऐकताय. कडकड जवळजवळ थांबली तसं म्हणालात, "आता बघ, बेरी तांबूस झाली असेल." झाली होती. शेगडी विजेची, काचेची आहे, बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, हे मी सांगताच तुम्ही ओरडलात, "मग उतरव की पातेलं! करपेल!" उतरवलं. वास घरच्यासारखाच आला. काकू, त्या रात्री मी पोटभर जेवले आणि आईला फोन करून सांगितलं की माझी काळजी करू नकोस. ते मनापासून सांगता आलं, ते तुमच्यामुळे.

त्यानंतर तूप मी दर महिन्याला कढवत असे. पुढे ओडिशाची एक मुलगी आणि एक कोल्हापूरचा मुलगा शिकायला आले. मीही त्यांना आधी बाजारात नेलं, शेगडीपाशी नंतर.

तुम्ही मला जे शिकवलंत ते धंद्याच्या वेळात शिकवलंत, हे मला तेव्हाही दिसत होतं. मला लालबागला नेलंत त्या दिवशी डब्यांची सगळी ओढाताण मंदाताई आणि सुरेखाताईंनी केली. पोळ्या लाटता लाटता सुरेखाताईंनी माझ्या हातात लाटणं दिलं, माझ्या पोळ्या दुरुस्त केल्या, आणि तरी एकही डबा उशिरा गेला नाही. त्या दोघींचे आभार मी कधी मानलेच नाहीत, ते आज मानते. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा.

तिसऱ्या मजल्यावरची सानिका या सप्टेंबरात आयर्लंडला निघाली आहे. ती वही घेऊन तुमच्याकडे येऊन गेली असं कळलं. तिला पहाटे बाजारात न्यायचं काम या वेळी माझ्याकडे द्या. तुमचे गुडघे दुखतात आणि त्या वेळी केंद्रात तुम्ही हव्या असता. मिरची तेवढी तुम्ही निवडून द्या.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची