कॉटन मार्केटच्या गल्लीतल्या मिस्त्री काकांना, क्लचबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही हे वाचणार नाही मला माहीत आहे, तुमचा मुलगा वाचून दाखवेल तर बरं. त्या दिवशी नीट थँक्यू म्हणायचंच राहून गेलं, तुम्ही लगेच दुसऱ्या गाडीखाली घुसले ना.

बाबांची 1978 ची बुलेट, उजव्या पायाचे गिअर, मी शिकलो तेपण त्याच गाडीवर. गेले दोन महिने तिचा क्लच म्हणजे नुसती कटकट. व्हरायटी चौकात सिग्नलला क्लच दाबून उभं राहावं तर गाडी पुढे ओढते, न्यूट्रल फाइंडरवर (गाडी थेट न्यूट्रलला आणायचा छोटा लिव्हर) टाच आपटून आपटून दुखायला लागली, आणि त्यात मे महिन्याचं ऊन, डोकं आधीच तापलेलं. एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी केबल टाइट करून दिली. झालं, ओढणं थोडं कमी झालं पण फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं न गाडी जागची हलायची नाही. मग त्यांनीच स्प्रिंग कसले. आता लिव्हर इतकी कडक की मनगट भरून यायचं आणि ओढणं परत सुरू. वर म्हणे अख्खा क्लच बदला.

तुम्ही पहिले काय केलं तर केबल पूर्ण ढिली. मी पाना घेऊन स्प्रिंगकडे जात होतो तर ओरडलेच, "अबे, त्याले कायले हात लावतो? पहिले रॉड पाह्य!" रॉड म्हणजे लिव्हर दाबली की क्लचच्या प्लेटी ढकलून सोडवणारा दांडा. गिअरबॉक्सवरचं छोटं कव्हर काढून लॉकनट सोडला, स्क्रू रॉडला टेकेपर्यंत आत नेला न तिथून थोडा मागे घेतला. मग लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळा खेळ. तो खेळच नव्हता म्हणून रॉड कायम प्लेटी दाबून होता आणि चढावर क्लच घसरत होता, एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती.

पण खरी मजा नंतर. एका नटावर बसलेलं प्रायमरीचं कव्हर (इंजिनकडून क्लचला येणारी चेन झाकणारं) उघडलं, प्लेटी बाहेर काढल्या, स्टीलच्या प्लेटी काचेवर ठेवून वाकल्यात का ते पाहिलं, बाकीच्या पेट्रोलने धुतल्या आणि म्हणाले, "अजून चालतात, पैसे कायले घालवतो". परत बसवल्यावर मला क्लच दाबून हाताने किक फिरवायला लावली. प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर बाकीच्या प्लेटी दाबून धरणारी, एका बाजूने डोलत होती! जिकडे कमी उचलते तिकडचा स्प्रिंग जास्त कसलेला, तो अर्धा फेरा ढिला कर, परत फिरव, परत पाह्य. तीनच स्प्रिंग पण पाऊण तास गेला, आणि ते तुम्ही माझ्याच हाताने करून घेतलं. तेव्हा मनातल्या मनात चिडलो होतो, खरं सांगतो.

मजुरी पूर्ण घेतली ते बरं केलं, नाहीतर परत यायची लाज वाटली असती.

काल बाबांना मागे बसवून सेमिनरी हिल्स चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये. ते काही बोलले नाहीत, वर पोचल्यावर फक्त म्हणाले, उतर, आता मी चालवतो.

आणि हो, तुमचा रुंद तोंडाचा पेचकस माझ्या टूलबॉक्समध्ये आलाय. रविवारी सकाळी आणून देतो, शोधत बसू नका.