मुलं रडतात हा प्रॉब्लेम नाहीये, प्रॉब्लेम वायलचा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोनीडल पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवून लस द्यायची छोटी पट्टी, याबद्दल पेपरात काहीही आलं की हेडिंग ठरलेलं असतं, 'आता सुईशिवाय लस', आणि खाली लिहिलेलं की आता मुलं रडणार नाहीत. मी नर्स होते, बरीच वर्षं लसीकरणाच्या टेबलावर काढली, त्यामुळे हे वाचलं की गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे सुई नसते हेच चूक आहे. सुया असतात, आणि एक नाही, एकेका पॅचवर शंभरेक असतात, फक्त प्रत्येक सुई एक मिलिमीटरपेक्षाही लहान. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो ओलांडला की झालं, खाली स्नायूपर्यंत जायचंच नसतं म्हणून फारसं दुखत नाही. विरघळणाऱ्या पॅचमधे सुई साखर आणि पॉलिमरची बनवतात, लस त्यातच मिसळलेली, ती कातडीत काही मिनिटांत विरघळते आणि हातात उरते ती नुसती पट्टी. कातडीतून लस देणं नवीन आहे असंही नाही, क्षयाची बीसीजी लस आपण कातडीतच देतो, देवीची लस दोन टोकांच्या सुईने कातडीवर टोचून टोचून दिली आणि १९८० मधे देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. जंतू ओळखणाऱ्या पेशी कातडीत ठासून भरलेल्या असतात, दंडाच्या स्नायूत त्या मानाने कमी, हे साधं कारण.

आता माझा मुद्दा. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात येते, बहुतेक ठिकाणी १० डोसची वायल, म्हणजे छोटी बाटली, ती डायल्युएंट (पावडर कालवायचं द्रावण) घालून एकदा कालवली की ठरलेल्या काही तासांच्या आत किंवा सेशन संपलं की, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यायची. आता सेशन संपत आलंय आणि समोर एकच आई बाळ घेऊन बसलीय, तर वायल फोडायची का? फोडली तर नऊ डोस कचऱ्यात आणि वेस्टेज का झालं म्हणून वरून विचारणा, नाही फोडली तर पुढच्या वेळेस या म्हणायचं, आणि ती माऊली पुढच्या वेळेस येतेच असं नाही. हे मी केलंय, दोन्ही केलंय. गोवर पसरू नये तर ९५ टक्के मुलांना लस मिळायला लागते म्हणतात, त्यातली किती मुलं अशी वायल न फोडल्यामुळे राहिली असतील हा विचार अजून येतो. शिवाय २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, उन्हापासून जपायचं, डायल्युएंट त्याच लसीचाच आहे ना बघायचं, वापरलेल्या सुया कोणाला टोचू नयेत म्हणून डब्यात टाकायच्या. पॅच म्हणजे एका बाळाचा एक डोस, कालवायचं काही नाही, टोचायला शिकलेला हात पाहिजेच असं नाही. रडणं न रडणं हे माझ्या लेखी पाचव्या नंबरवर.

आणि हे नुसतं स्वप्नरंजन नाही. २०१७ मधे अमेरिकेत फ्लूच्या पॅचची माणसांवरची पहिल्या टप्प्याची चाचणी छापून आली, त्यात काहींनी पॅच स्वतःच लावला आणि त्यांच्यातही अँटीबॉडी नर्सने लावलेल्यांसारख्याच तयार झाल्या, पॅच ४० डिग्रीला वर्षभर टिकतो असंही त्यांना दिसलं. २०२४ मधे आफ्रिकेतल्या गांबिया देशातली चाचणी छापून आली, तिथे गोवर-रुबेलाचा पॅच बाळांच्या मनगटावर पाच मिनिटं लावला, नऊ महिन्यांच्या बाळांत एका डोसने ९० टक्क्यांहून जास्त जणांना गोवरापासून संरक्षण मिळालं, रुबेलाचं तर सगळ्यांनाच, म्हणजे इंजेक्शनच्या तोडीस तोड.

पण हुरळून जाऊ नये हेही लिहायला पाहिजे, जे बातमीत कधीच नसतं. गांबियाच्या त्या चाचणीत नऊ महिन्यांच्या वयाची बाळं होती १२०, तीही अर्धी पॅचची आणि अर्धी इंजेक्शनची. पॅचच्या जागी कातडी कडक होणं, रंग बदलणं दिसलं, किरकोळ होतं पण दिसलं. इतक्या छोट्या सुयांत औषध मावतं किती, त्यामुळे प्रत्येक लस यात बसेलच असं नाही, ज्या लसीत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घातलेले असतात त्या कातडीत दिल्या की गाठ, सूज येऊ शकते. आणि करोडोंच्या संख्येने, निर्जंतुक वातावरणात पॅच बनवायचे तर कारखानेच नवीन उभारावे लागतील, आणि विकत घेणार कोण हे पक्कं झाल्याशिवाय कंपनी पैसा घालत नाही, गाडी तिथेच अडते. डब्ल्यूएचओ, युनिसेफ आणि गावी (Gavi, गरीब देशांना लस मिळवून देणारी जागतिक संस्था) यांनी २०२० मधे लस देण्याच्या नव्या पद्धतींची यादी केली त्यात हा पॅच पहिल्या पसंतीला ठेवला होता, तरी अजून रोजच्या लसीकरणात आलेला नाही.

तेव्हा एक विनंती, पुढच्या वेळेस याची बातमी छापाल तेव्हा तो रडणाऱ्या बाळाचा आणि भल्यामोठ्या सिरिंजचा फोटो नको, अर्धी भरलेली वायल कचऱ्याच्या डब्यात पडतेय असा फोटो मिळाला तर बघा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका