नाना, तुमच्या ओट्यावरची शिकवणी

आदरणीय नानांना,
सा. न. वि. वि.

मागच्या हंगामात केळीच्या पेट्यांचे फोटो परदेशी खरेदीदाराला पाठवताना मी मेलमध्ये 'आय हॅव जॉइन्ड द फोटोज' असं लिहिलं. शब्दकोशात जॉइन म्हणजे जोडणे, अटॅच म्हणजेही जोडणे. चुकलं कुठे, हे समजावायला ऑफिसात कुणाला सवड नव्हती. तुम्ही मात्र भुसावळच्या ओट्यावर बसवून घेतलंत. "पोरी, गोठ्यात बैलाला काय करतो?" बांधतो. "आन् गाडीला?" जुंपतो. "मंग इंग्रजीत एकाच शब्दानं कसं भागंल?"

त्या संध्याकाळी सगळं गावच इंग्रजीत उतरलं. खुंट्याला लांब दाव्यानं बांधून चरायला सोडलं की टेदर. गाडीला जुंपलं की हिच, मानेवर जू ठेवलं की योक. कडब्याच्या गाडीवर दोर करकचून आवळला की लॅश. साधी गाठ मारली की टाय. आणि उभं आयुष्य रेल्वेच्या यार्डात काढलेल्या तुमच्या तोंडून कपल आणि अनकपल, म्हणजे डबे जोडणं आणि सोडणं, ऐकताना डब्यांचा खणखणाट कानात वाजत होता.

माझी अडचण होती ती जॉइन, अटॅच आणि कनेक्टची. तुम्ही ठिबकच्या नळ्याच पुढ्यात मांडल्यात. दोन तुकडे बरोबरीनं मिळून एक झाले तर जॉइन. मुख्य वस्तूला दुसरी लावली तर अटॅच. म्हणूनच फोटो मेलला अटॅच होतो. आणि मधून पाणी, वीज किंवा बोलणं जायचं असेल तर बहुतेक वेळा कनेक्ट. एवढं सोपं करून मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

फासन (fasten), म्हणजे घट्ट लावणं, यातला 'ट' उच्चारत नाहीत, आणि त्यातल्या 'फास्ट'चा जुना अर्थ वेगवान नव्हे तर घट्ट, हेही तुमच्याकडूनच कळलं. पट्टा, बक्कल, बटण असं लावायचं नि पुन्हा सोडायचं, तिथं तो शब्द शोभतो. बाइंडचा भूतकाळ बाउंड. वहीची बांधणी तीच आणि शब्दाला बांधलं जाणंही तेच. परवा करारात 'बाइंडिंग ऑन बोथ पार्टीज' आलं, तेव्हा कुणाला न विचारता मला त्या ओळीचं वजन कळलं. सही करण्याआधी मी ती दोनदा वाचली.

नाना, तुमचे मनापासून आभार. रविवारी भरिताची वांगी आणि वही घेऊन येते. 'फिक्स'चं पान अजून कोरं आहे.

तुमची,
रावेरची पोर