तड्यांच्या नावाखाली चीर विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, लिलाव विभाग

विषय: ग-याओ (झिलईला मुद्दाम तडे पाडलेली जुनी चिनी भांडी) धाटणीची, कुंचला धुण्याची चिनी वाटी परत घेऊन पूर्ण पैसे देण्याबाबत

आज सकाळी तुमच्या ग्राहक कक्षाशी चौथ्यांदा बोलणं झालं आणि चौथ्यांदा तेच उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. चिनी भांड्यांचा स्वतंत्र विभाग चालवणाऱ्यांना ग-याओ म्हणजे काय हे सांगावं लागू नये, त्यामुळे मुद्द्यावरच येते.

वाटी पाच पाकळ्यांची. तोंडाशी रुंदी ११.८ सेंमी, उंची ३.६ सेंमी. तुमच्या कॅटलॉगात लिहिलं होतं: चिनी सम्राट योंगझेंग याचा काळ (१७२३ ते १७३५), काळसर मातीचं अंग, 'लोखंडी पाय', बुडावर छंगह्वा या आधीच्या सम्राटाच्या कारकिर्दीची मुद्रा, स्थिती उत्तम, फक्त झिलईचे नैसर्गिक तडे. यातलं शेवटचं विधान सर्वांत गंभीर, म्हणून ते आधी.

तडे झिलईत असतात, चीर अंगात असते. भट्टीतून निघाल्यावर गार होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते, ताणली जाते आणि फाटते. माती शाबूत राहते. म्हणून तड्यांची आतली जाळी आणि बाहेरची जाळी एकमेकींवर बसत नाहीत. या वाटीत एक रेघ मात्र तंतोतंत बसते. काठावरून निघते, भिंतीवरून बुडाच्या कड्यापर्यंत ४१ मिमी जाते, आणि आतून पाहिलं तरी त्याच जागी, त्याच वळणाने जाते. दहापटीच्या भिंगाखाली ती बाकीच्या रेघांसारखी झिलईत थांबत नाही, मातीत उतरलेली दिसते. वाटीत दोन सेंमी पाणी भरून ती पांढऱ्या टिपकागदावर ठेवली. सहा तासांत ओल उमटली ती नेमकी त्या रेघेखाली. जिंगदेझेन या चिनी भट्ट्यांच्या गावचं पोर्सिलेन पक्कं भाजलेलं असतं, नुसत्या झिलईच्या तड्यांतून ते असं पाझरत नाही. कुंचला धुण्याची वाटी पाझरत असेल, तर ती लिहित्या मेजावर, कागदाशेजारी ठेवायची कशी?

हे सगळं फोनवर सांगितल्यावर झालेलं संभाषण जसंच्या तसं देते, कारण त्यासाठीच हे पत्र लिहावं लागलं.

"मॅडम, हे क्रॅकल पोर्सिलेन आहे. क्रॅकल म्हणजेच क्रॅक."

मी म्हटलं, झिलई तडकणं वेगळं आणि भांडं चिरणं वेगळं. पाणी पाझरतं आहे.

"मॅडम, तडे हीच तर त्याची ब्यूटी. लोक त्याचेच पैसे देतात."

मी म्हटलं, ती रेघ आतबाहेर एकाच जागी आहे, फोटो पाठवले आहेत, ते तुमच्या तज्ज्ञाला दाखवा.

"फोटोत सगळीकडेच रेघा दिसतात, मॅडम. नेमकी कुठली?"

फोटोत त्या रेघेशेजारी मोजपट्टी ठेवली होती आणि लाल बाण काढला होता. तेही सांगितलं. थोडा वेळ फोन होल्डवर गेला. मग उत्तर आलं: "तुम्ही वाजवून बघा. चांगला आवाज आला तर पीस चांगला." तडकलेल्या झिलईचं भांडं निरोगी असलं तरी बद्दच वाजतं, कारण त्या जाळीमुळे नाद मरतो. टिचकीची परीक्षा साध्या पोर्सिलेनसाठी ठीक, इथे ती काहीच सिद्ध करत नाही. हे ऐकल्यावर त्या गृहस्थांनी शेवटचा उपाय सुचवला: "काळ्या रेघा नको असतील तर गरम पाण्यात ब्लीच घालून ठेवा, निघून जातील."

गरम पाणी आणि ब्लीच! तड्यांत मुद्दाम मुरवलेला रंग हेच ज्या भांड्याचं रूप, ते ब्लीचमध्ये बुडवायचा सल्ला तुमच्या कंपनीच्या नावाने दिला गेला. आधीच चिरलेल्या भांड्याला एकदम गरम पाणी लागलं तर चीर पुढे सरकते. तो सल्ला कुणी ऐकला असता, तर जबाबदार कोण?

दुसऱ्या फोनवर कुरिअरने आपटलं असेल असं सांगण्यात आलं. ताज्या चिरेच्या कडा स्वच्छ आणि पांढऱ्या असतात. या चिरेत तपकिरी मळ खोलवर बसलेला आहे. तो काही दिवसांत बसत नाही, वर्षं लागतात. तुमच्याकडे वाटी आली तेव्हा चीर होतीच.

याहून वाईट गोष्ट काठावर आहे. चीर जिथून सुरू होते तिथे १४ मिमी लांबीचा टवका भरून काढला आहे. अतिनील टॉर्चखाली तेवढाच भाग दुधाळ चमकतो, बाकीची झिलई चमकत नाही. त्या भरावावर तड्यांच्या रेघा ब्रशने काढल्या आहेत. भिंगाखाली त्या पृष्ठभागावर बसलेल्या दिसतात, खाली उतरत नाहीत, आणि दोन ठिकाणी शेजारच्या खऱ्या तड्याशी जुळतही नाहीत. म्हणजे ही दुरुस्ती लपवण्यासाठीच केलेली आहे. ती कुणी केली हा माझा प्रश्न नाही. विकण्याआधी अतिनील टॉर्च एकदा फिरवला असता तरी दिसली असती. असिटोन लावून रंग उतरतो का ते मी पाहिलेलं नाही. ते तुमच्या तज्ज्ञाने माझ्यासमोर पाहावं.

आता काळाबद्दल. 'जांभळं तोंड, लोखंडी पाय' हे जुन्या ग्वान (दरबारी भट्टीच्या) आणि ग-याओ भांड्यांचं लक्षण आहे, कारण त्यांच्या मातीतच लोह भरपूर असतं: काठावर झिलई ओघळून पातळ झाली की खालचा काळसर रंग दिसतो, आणि बुडाचं कडं उघडं असल्याने गडद भाजतं. या वाटीच्या कड्यावर चीर संपते तिथे तपकिरी लेपाखाली पांढरी माती उघडी पडली आहे. पांढरी माती हा दोष नव्हे. जिंगदेझेनमध्ये जुन्या रूपासाठी तपकिरी लेप देत असत, हे सर्वांना ठाऊक आहे. दोष हा की तुम्ही 'काळसर मातीचं अंग' असं छापलं.

मुद्रा तर आणखी स्पष्ट बोलते. छंगह्वाची कारकीर्द १४६५ ते १४८७. तपकिरी चौकटीत ठसवलेली त्याची चार अक्षरी मुद्रा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि त्यानंतरच्या बाजारू क्रॅकल भांड्यांवर सर्रास सापडते. योंगझेंगच्या दरबारी भट्टीतलं ग-याओ धाटणीचं काम वेगळंच असतं, आणि त्यावर बहुधा त्याच्याच कारकिर्दीची मुद्रा असते, झिलईखाली निळ्या रंगात. भट्ट्यांचा अधिकारी तांग यिंग याने १७३५ साली तिथे होणाऱ्या प्रकारांची यादी नोंदवली, तिच्यात ग-याओच्या झिलईची नक्कल आहे. पण त्या यादीच्या आधाराने प्रत्येक तडकलेली वाटी योंगझेंगची ठरत नाही. जाळीही पाहा. 'सोन्याचा धागा, लोखंडी तार' म्हणतात त्यात मोठे तडे काळे आणि मधले बारीक पिवळसर असतात. इथे लहानमोठ्या सगळ्या रेघा एकाच तपकिरी रंगाच्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वाटी म्हणून, दुरुस्ती आणि चीर सांगून, योग्य किमतीला विकली असती तर तक्रारच नव्हती. तसं भांडंही मेजावर शोभतं.

तुमच्या जाहिरातीत मुंबई आणि चिनी पोर्सिलेन यांच्या जुन्या नात्याचा उल्लेख असतो. ते नातं खरं आहे. पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली याच शहरात जन्मले, आणि त्यांनी जमवलेली सुमारे १,७०० चिनी भांडी, त्यांत रू (आणखी एक जुना, दुर्मिळ प्रकार), ग्वान आणि ग-याओसुद्धा, आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते नातं सांगून विकणाऱ्यांनी तडा आणि चीर यांत फरक करू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या कॅटलॉगवर आजवर माझा विश्वास होता.

पुन्हा लिहिते, कारण फोनवर हे एकदाही नोंदवून घेतलं गेलं नाही: वाटी चिरलेली आहे, चीर आतबाहेर जुळते, पाणी पाझरतं, आणि काठाची दुरुस्ती लपवलेली आहे.

माझी मागणी: बोलीची रक्कम, तुमचं कमिशन, त्यावरचा कर आणि कुरिअरचा खर्च, असे सगळे पैसे १५ दिवसांत परत करा. तुमच्या पुढच्या विक्रीत याच धाटणीच्या आणखी तीन वस्तू आहेत: पाच शिखरांचा कुंचलाधारक, पाण्याचा छोटा कुंभ आणि शाईठशाची डबी. त्यांचं वर्णन विक्रीआधी तपासून दुरुस्त करा. डबीच्या झाकणाच्या फोटोत एक रेघ संशयास्पद लांब दिसते, ती आधी बघा.

पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल होईल. मोजपट्टीसकट फोटो, अतिनील टॉर्चखालचे फोटो, टिपकागद आणि चारही फोनची तारीख-वेळ जपून ठेवली आहे.

वाटी कुरिअरने पाठवणार नाही. ती तुमच्या काउंटरवर, तुमच्या तज्ज्ञासमोर, भिंग आणि पाणी घेऊन उघडली जाईल. वेळ लेखी कळवा, फोन नको.

एक ग्राहक