ज्यांची नावं विचारायची राहिली

परवाच्या 200 किलोमीटरच्या ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीत मी शेवटून तिसरा आलो. पण आलो, त्याचं श्रेय काटोलच्या अलीकडच्या एका सायकल दुरुस्तीवाल्या काकाजींचं.

मुरमाच्या रस्त्यात धारदार गिट्टीनं मागच्या टायरची बाजू चांगली इंचभर फाडली. ट्यूबलेस टायरातलं सीलंट बाभळीच्या काट्याचं भोक बुजवतं, असल्या चिरेपुढं त्याचं काही चालत नाही. त्या पातळ सीलंटची पांढरी पिचकारी थेट माझ्या पोटरीवर. नुसती ट्यूब टाकावी, तर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते. काकाजींनी टायर बोटांनी चाचपला. "गेटर टाका लागते भाऊ." स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा कापला, त्याच्या कडा रापीनं निगुतीनं तासल्या ("नाहीतर कडच ट्यूबले खाते") आणि गेटर म्हणून चिरेवर आतून बसवला. वीस रुपये घेतले. टायरची किंमत त्यांनी विचारली, मी सांगितली नाही. घरीही सांगितलेली नाही.

मृग बहाराची संत्री तोडणाऱ्या मावशी, मी पाणीच मागितलं होतं. तुम्ही जर्सीच्या मागच्या तिन्ही खिशांत संत्री कोंबलीत, वर विचारलंत, "कोन लागलं गा मांगं?"

अंधारात माझा दिवा विझल्यावर नागपूरजवळच्या फेटरीपर्यंत मागून उजेड दाखवत आलेले छोटा हत्तीवाले दादा, तुमचा तर चेहराही पाहिला नाही. हे शर्यतीच्या नियमात बसतं का, ते मी मुद्दाम विचारलेलं नाही.

काकाजी, गेटर अजून तोच आहे.